अर्धी निळी भिंत

त्या स्वयंपाकघरात दुपारसुद्धा तिन्हीसांजेसारखी येई. पूर्वेच्या भिंतीत हातभर झरोका होता, पण त्यातून शिरलेला उजेड चुलीच्या धुरात विरघळून जाई आणि जमिनीपर्यंत पोचतच नसे. चुलीमागची भिंत पिढ्यांच्या धुराने इतकी काळी झाली होती, की समोर भिंत आहे की भिंतीच्या जागी नुसता काळोख उभा आहे, हे नवख्याला हात लावल्याशिवाय कळले नसते. याच भिंतीकडे तोंड करून रतनबाईने लग्नानंतरची सगळी वर्षे भाकरी थापल्या होत्या.

तिचे माहेर सारोळ्याचे. तिथे चूल पडवीत होती आणि भाकर परतताना मान वर केली की नीरा नदीवरचे आभाळ दिसे. सासर आंबवड्याच्या वाटेवरच्या वाडीत, डोंगराच्या पोटात दडलेले. इथे आभाळ होते ते शेतात, आणि शेतातले आभाळ पाहायला बाईला कंबर सरळ करावी लागते. रतनबाईला डोरल्यात वाढीव मणी नको होते, इरकली लुगडे नको होते. "भाकर थापताना समोर कायतरी दिसावं," एवढेच ती म्हणे. हे मागणे इतके लहान होते, की घरातल्या पुरुषांच्या कानांना ते लागलेच नाही.

लागले ते तिच्या थोरल्या जावेला. साळूबाईचा उजवा हात कधीकाळी उकळत्या आधणाने भाजला होता. तळहात आखडल्यामुळे तिला भाकर थापता येत नसे, पण भाजण्यात तिचा हात धरणारी बाई वाडीत नव्हती. म्हणून रतनबाईने थापायची आणि साळूबाईने भाजायची, असा क्रम पडून गेला होता. एकीच्या हाताची थाप थांबे तेव्हा दुसरीच्या तव्यावर वाफ फुटे, आणि या दोन आवाजांच्या मधल्या जागेत दोघी जावा दिवसभराचे सगळे बोलणे बोलून घेत. घरात त्यांना मोकळेपणी बोलायला दुसरी जागा नव्हती. जागेची उणीव आहे असेही त्यांना कधी वाटले नव्हते.

भोरची गुलजारबी मणेरीण बांगड्यांची पाटी घेऊन वाड्यावस्त्या फिरे. काकणांच्या खाली तिच्या पाटीत फण्या, आरसे, सुया आणि निळीच्या पुड्याही असत. वैशाखात ओट्यावर बसून रतनबाईच्या हातात काकणे चढवता चढवता ती म्हणाली,

"भोरात एका वकिलाच्या घरी बांगड्या भराया गेलते. सैपाकघराची एकच भित्ताड निळी. चुन्यात नीळ कालवून काढलेली. अगं, आत पाय टाकला की डोळं गार!"

"एकच भित्ताड?"

"एकच. चारी रंगवली की देऊळ वाटतंय. एक रंगवली की घर."

रतनबाईने जावेकडे पाहिले. साळूबाईने नव्या काकणांकडे, मग पाटीकडे पाहिले आणि विचारले, "एका पुडीत व्हईल का गं?"

"व्हईल म्हंजे? उरंल! न्हाई पुरली तर मला मणेरीण म्हनू नगा."

पुरली नाही. पण ते पुढचे.

दुसऱ्या दिवशी थोरला गेनबा आणि धाकटा कोंडिबा, म्हणजे या दोघींचे धनी, राब भाजायला वरच्या खाचरात गेले. भाताच्या रोपांची जागा पाऊस येण्याआधी पालापाचोळा टाकून भाजून काढावी लागते. त्या कामात दोघे भाऊ संध्याकाळपर्यंत घरी येणार नव्हते. जावांनी चुना भिजवला, नीळ कालवली, केकताडाच्या पात्या ठेचून कुंचला केला. आधी भिंतीची काजळी खरवडली, तेव्हा खालून तांबूस मातीचा एक जुना थर निघाला आणि दोघी कुणाच्या तरी म्हाताऱ्या सासूला उघड्यावर पाहिल्यासारख्या क्षणभर ओशाळल्या. मग रतनबाईने कडेपासून पहिला हात मारला.

काळोखात निळे उमटले. ते आभाळासारखे नव्हते. आभाळाला इतकी जवळ येण्याची सवय नसते. ते फक्त निळे होते, ओले होते आणि त्या घरात आजवर कुणी न आणलेले होते.

चुलीच्या बरोबर मागे आल्यावर मडक्याचा तळ लागला. नीळ सरली. जिथे रंग संपला तिथली कड फाटक्या पदरासारखी वेडीवाकडी झाली. रतनबाई म्हणाली, "असू दे आक्का. गुलजारबी पुढल्या खेपंला आली की बाकीचं करू." पण साळूबाईला वेडेवाकडे खपत नसे. तिच्या शेणींची रास ओळंब्यात असे, रांगोळीचे ठिपके एकमेकांना ओळखत. तिने सुतळी ओल्या चुन्यात बुडवली, वरून खालपर्यंत ताणून धरली आणि तेवढ्या निळ्याची कड सरळ करून टाकली. आढ्यापासून चुलीच्या मध्यापर्यंत एक सरळ रेघ उतरली. अलीकडे निळे, पलीकडे काळे.

आता वाडीची एक रीत सांगायला हवी. भावाभावांची वाटणी व्हायची तर पंच आधी स्वयंपाकघरात जात आणि चुलीमागच्या भिंतीवर मध्यावर कोळशाने उभी रेघ ओढत. त्या रेघेपासून दोर लावून घर मापले जाई, मग रेघेवर मातीची भिंत चढे आणि दुसरी चूल मांडली जाई. जमीन, बैल, झाडे यांचा हिशेब पुढे महिनोन्‌महिने चाले. पण घर फुटल्याचा दिवस तो रेघेचाच धरत. वाडीतल्या माणसांना अक्षर ओळखू येत नव्हते, पण ही रेघ रांगते मूलसुद्धा वाचू शके.

शेजारची फुलाबाई खापरातून विस्तव न्यायला आली. स्वयंपाकघराच्या उंबऱ्यात ती थबकली.

"अगं बया! हे कवा झालं?"

"सकाळच्याला," रतनबाई हसत म्हणाली. तिच्या नाकाच्या शेंड्यावर निळा ठिपका होता. "कसं दिसतंय?"

"दिसायचं काय त्यात? दोगींच्या मर्जीनं झालं न्हवं?"

"दोगींनी मिळूनच केलं की," साळूबाई म्हणाली.

"मंग बरं बाई. आमच्या दिराच्या येळंला डोकी फुटली व्हती."

आणि ती विस्तव न घेताच निघून गेली. चूल पेटलेली असताना रिकाम्या खापरानिशी बाई परत फिरली, एवढ्यावरूनच जावांनी ओळखायला हवे होते. पण त्या भिंतीकडे पाहत होत्या.

वाडीचे थोरले पंच सावळारामतात्या. वाडीतली प्रत्येक दुभंगलेली चूल त्यांच्या हाताखालून गेली होती. कोळशाचा एक तुकडा त्यांच्या बंडीच्या खिशात कायम असे. इतर म्हातारे जसे तंबाखू बाळगतात तसा. बातमी कानी पडताच ते तडक वरच्या खाचरात गेले. त्यांना दुःख झाले होते. एक घर फुटते आहे याचे दुःख त्यांच्या अंगवळणी पडले होते. हे दुःख निराळे होते.

"गेनबा, माज्यावाचून रेघ वडलीस?"

"कसली रेघ, तात्या?" राबाच्या धुरातून गेनबा बाहेर आला.

"चुलीमागली. आन् तीबी निळी! म्या आजवर कोळशानं वडली, कुनाचं काय वाईट झालं? तुमा भावांना आता निळी लागती व्हय?"

गेनबाने धाकट्याकडे पाहिले. "कोंडिबा, तू काय बोललास घरात?"

"म्या? दादा, तुला वाटनी पायजे तर तोंडानं म्हन की. बायकांच्या हातनं भिंतीवर कशापायी वडवतूस?"

"मला पायजे? रेघ कुनाच्या अंगाला हाय, तात्या?"

"रेघंला कुठलं अंग? ती मदी हाय."

"बगा," कोंडिबा म्हणाला, "मदी हाय म्हंजे मापूनच वडलीया. दादाचं मापनं पयल्यापास्नं चोख."

त्या वाक्यापर्यंत दोघांपैकी कुणाच्याही मनात वाटणी नव्हती. वाक्य संपले तेव्हा ती दोघांच्याही मनात होती, आणि फार जुनी असल्यासारखी होती. घरी जाताना वाटेवर गेनबाला आठवले की बांधावरचा आंबा आपण लावला आणि आंबे कोंडिबाच्या मित्रांनी खाल्ले. कोंडिबाला आठवले की लग्नात त्याला दादाचा जुना शेला पांघरवला होता. माणसाच्या आठवणी अशा आज्ञाधारक असतात. ज्या कामाला बोलवाल त्या कामाला हत्यारे घेऊन येतात.

तात्यांनी भिंत पाहिली. रेघेवरून बोट फिरवले. कारागिराने दुसऱ्या कारागिराचे काम पाहावे तसे ते तिच्याकडे पाहत राहिले.

"आवं तात्या, रंग सरला," साळूबाई पदर पुढे ओढून म्हणाली. "सबंद भिंतच काडायची व्हती."

"रंग सरला तर कड फिसकटली असती. ही दोर लावून वडलेली हाय."

"ती म्या वडली. वंगाळ दिसत व्हती म्हून."

"ऐका!" तात्या सगळ्यांकडे वळले. "थोरलीनं सोता कबूल केलं."

"पर कशापायी वडली ते तरी ऐका की वो," रतनबाई दाराआडून म्हणाली.

"कशापायी ते पंच बगत्याल. निवाडा हुईस्तवर भिंतीला कुनी बोट लावायचं न्हाई. नीळ न्हाई, चुना न्हाई, पोतेरं न्हाई. वादातली जागा हाय."

असा तो वाद, ज्याची वादी-प्रतिवाद्यांना सकाळपर्यंत खबर नव्हती, रीतसर उभा राहिला.

पंच बसले ते त्या स्वयंपाकघरातच. आजवर जेवण्यापुरते तिथे टेकणारे पुरुष आता भिंतीला तोंड करून मांडी घालून बसले, आणि दोघी जावा आपल्याच चुलीपासून दूर, दाराआड उभ्या राहिल्या. वाटणीचा नेम असा, की थोरल्याने वाटे पाडायचे आणि धाकट्याने आधी उचलायचा. वाटे तर पडलेलेच होते.

"उचल, कोंडिबा," तात्या म्हणाले.

"निळी बाजू."

"निळी कशी?" गेनबा गुडघ्यावर उठला. "चुना माज्या बायकूनं भिजवला."

"नीळ माज्या बायकूनं घेतली."

"कड माज्या बायकूनं वडली!"

"मंग कड घे की. कड तुजी, निळं माजं."

पंचांतला सोनबा हसला, पण तात्यांनी डोळे वटारताच त्याने ते हसू खोकल्यात घातले.

"आरं, काळी बाजू काय वाईट हाय?" तात्यांनी समजुतीचा सूर लावला. "झरोका काळ्या बाजूला हाय. उतरंड तिकडं हाय."

"माज्या डोळ्याला काळं सोसत न्हाई," कोंडिबा म्हणाला.

"जलमल्यापास्नं सोसत व्हतं की!"

"तवा निळं पायलं न्हवतं."

आणि मग सगळेच पाहू लागले. धुराने डोळे चुरचुरत होते, तरी कुणी उठेना. एकाला त्या निळ्याने गारवा वाटला. एकाला भूक लागल्यासारखे झाले. सोनबा म्हणाला की हा रंग धुरातसुद्धा दबत नाही, आणि आपण काहीतरी मोलाचे बोललो असे वाटून त्याने ते पुन्हा म्हटले. वर्षानुवर्षे एका बाईने जे मागितले आणि कुणाला ऐकू गेले नाही, ते अर्धे भिंतीवर येताच वाडीतले सगळे पुरुष त्याचे जाणकार झाले. तिला मात्र दाराच्या फटीतून त्यांच्या पाठी आणि पागोटी दिसत होती.

सोनबाने तोड सुचवली. निळ्याचीच मधून वाटणी करावी, म्हणजे दोघांच्या वाट्याला थोडे थोडे निळे येईल. पण तशी रेघ ओढली तर चूल सबंदच्या सबंद गेनबाकडे जात होती आणि कोंडिबाला भिंतीकडे पाहत उपाशी बसावे लागले असते. कोंडिबाने यावर क्षणभर विचार केला, ही गोष्ट नोंदवण्यासारखी आहे.

शेवटी तात्यांना उपाय सुचला. सुचल्यावर त्यांनी आधी चंची सोडली, पान जुळवले, चुना लावला, आणि मगच ते बोलले.

"काळी बाजूबी निळी करून टाका. दोनी वाटे सारके झाले की भांडनाला जागाच ऱ्हात न्हाई. भोरास्नं नीळ मागवू. जावांनी भिंत पुरी करायची, त्याच दिशी जेवान, आन् जेवल्यावर मदी मातीची भिंत. कसं?"

सगळ्यांनी माना डोलावल्या. दाराआड साळूबाईने रतनबाईचा हात धरला. एवढे दिवस त्या दोघी एकच म्हणत होत्या, की आम्हाला भिंत पुरी करू द्या, म्हणजे रेघ उरणार नाही. आता पंच तेच म्हणत होते. भिंत पुरी करा.

तात्यांनी सांगावा धाडला आणि गुलजारबी आली. तिने ओट्यावर पाटी उतरवली आणि पुडी पुढे केली. रतनबाईने हात पुढे केला नाही.

"घे की गं. सबंद भिंत व्हईल आता. मागल्या येळंला माजा अंदाज चुकला, तर ही मोटी बगून आनलीया." मग तिच्या तोंडाकडे पाहून ती थांबली. "काकनं भरताना रडनाऱ्या पोरी लई पायल्या. निळीला बगून रडनारी तूच."

"रडत न्हाई. धूर हाय."

"ओट्यावर कसला धूर गं, बये?"

रतनबाईने पुडी घेतली. आत चुन्याचे मडके आधीच भिजत घातलेले होते. कुंचला शेजारी होता. अंगणात पंचांच्या सांगण्यावरून कालवलेल्या मातीचा ढीग ओल्या पोत्याखाली झाकून ठेवलेला होता. एका सकाळचे काम होते. कडेपासून कडेपर्यंत निळी भिंत, तिने मनात इतक्या वेळा रंगवली होती की हाताला काही शिकवावे लागले नसते. आणि मग त्या भिंतीच्या पोटातून, बरोबर चुलीवरून, मातीची दुसरी भिंत वर येणार होती. एका बाजूला एक बाई थापणार होती आणि भाजणार होती. दुसऱ्या बाजूला दुसरी, आखडलेल्या हाताने.

"रंगव तू," साळूबाई म्हणाली. "तुज्या जिवाची भिंत हाय. माजा इचार करू नगंस."

"सबंद निळी झाली की मदी माती येनार, आक्का."

"येऊ दे. तुज्या बाजूला निळंच ऱ्हाईल."

"आन् तुज्या?"

"माज्याबी निळंच की."

"आन् तुजी भाकर कोन थापनार?"

साळूबाईने चुलीत एक लाकूड सरकवले. ते आधीच पुरेसे आत होते.

"काळीच करून टाकावी का सगळी?" ती म्हणाली. "पोतेरं फिरवलं तर?"

"मंगबी दोनी बाजू सारक्याच," रतनबाई म्हणाली. आणि आपणच बोललेले तिने ऐकले. अंधारात पाऊल टाकताना पायरी पायाला लागावी तसे काहीतरी तिच्या चेहऱ्यावर आले. भिंत सबंद निळी असो की सबंद काळी, घर फुटत होते. ते उभे होते तेवढे या अर्धेपणावर.

पुडी तिच्या मुठीत होती. तिने ती हुंगली. नीळ हुंगल्यावर कसलाच वास येत नाही. कापडाचा, पावसाचा, कसलाच. मग ती मागच्या अंगणात गेली. तिथे तीन दगडांवर भट्टीचे मडके रटरटत होते. निवाड्याच्या जेवणाला भावांना ठेवणीतले पांढरे लागणार होते. दोघांची धोतरे, बंड्या, पागोटी, ठेवणीतले आणि रोजचे, सगळे त्यात उकळत होते. तिने पुडी फोडली आणि सगळीच्या सगळी आत उपडी केली.

मागे साळूबाई उभी होती.

"सगळी टाकलीस?"

"सगळी."

साळूबाईने मडक्यात डोकावून पाहिले. "मंग नीट ढवळ," ती म्हणाली. "न्हाईतर डाग पडत्याल."

निवाड्याच्या दिवशी पंच आले. तात्यांनी नारळ आणला होता आणि खिशात, सवयीने, कोळसाही. ओट्यावर गेनबा आणि कोंडिबा घोंगडी लपेटून बसले होते. वैशाखाच्या उन्हात घोंगडी पाहून सोनबाने विचारले, "हिवताप का रं दोगांनाबी?"

भावांनी घोंगडी आणखी आवळली. तात्या सरळ आत गेले आणि बाहेर आले. "भिंत तशीच हाय! नीळ कुटं गेली?"

"कापडं धुतली, तात्या," दाराआडून रतनबाईचा आवाज आला. "नीळ आनिक कशाला असती?"

 पंचांनी एकमेकांकडे पाहिले. निळीने कापडे धुतात हे सगळ्यांना ठाऊक होते. गेले कित्येक दिवस ते फक्त ध्यानात नव्हते.

जेवायला उघड्याने बसता येत नाही, म्हणून भावांना शेवटी ती कापडे घालून बाहेर यावे लागले. निळे धोतर, निळी बंडी, डोक्यावर निळे पागोटे; आणि शेजारी तसाच दुसरा. साळूबाईने एक डाग पडू दिला नव्हता.  मग सोनबा म्हणाला, "आरं, ह्यातला थोरला कंचा?" आणि ओटा हसण्याने हादरला. कुंपणापलीकडून फुलाबाई हसली, तिच्या मागे आणखी बायका हसल्या.

"हसाया आलाय व्हय आमच्या दारात?" गेनबा ओरडला.

"दादा, हे जेवाया न्हाई, तमाशा बगाया आल्यात," कोंडिबा म्हणाला आणि त्याच्या शेजारी, खांद्याला खांदा लावून उभा राहिला.

"आमची वाटनी आमी बगून घेऊ. तुमाला कुनी बोलावलं व्हतं?" गेनबा म्हणाला.

"बोलावलं कुनी न्हवतंच!" कोंडिबाला हे आत्ताच आठवले. "ह्येच आले व्हते खाचरात!"

तात्यांच्या हातात नारळ होता आणि तो कुठे ठेवावा हे त्यांना समजत नव्हते. एका बाईने जाणूनबुजून पंचांचा निवाडा मडक्यात उकळला, असे मानणे त्यांना शक्य होते. पण तसे मानले तर पुढे काय उरले असते? माणसाला आपली जागा सांभाळण्यासाठी कधी कधी देवाला मध्ये घ्यावे लागते. तात्यांनी पागोटे सावरले.

"थांबा. धा तोंडांनी बोलू नगा. एकडाव नीळ आनली ती मदीच सरली. दुसऱ्यांदा आनली ती भिंतीपतूर पोचलीच न्हाई. ह्यो कौल हाय. भिंतीच्या मनात पुरं व्हयाचं न्हाई." ते आत जाऊन भिंतीला हात जोडून आले. "आजपास्नं ही भिंत हाय तश्शी ऱ्हानार. अर्धी निळी, अर्धी काळी. जवर ती अर्धी हाय तवर हे घर येक हाय."

नारळ भिंतीपुढे फुटला. कालवलेल्या मातीने भावांनी गोठ्याचे जोते लिंपून घेतले. लावणीचे दिवस आले, आणि चिखलात वाकलेल्या माणसाला अंगावरचे धोतर निळे की पांढरे, याचे काही राहिले नाही.

मात्र वाडीत नवाच प्रघात पडला. ज्या ज्या घरात भाऊ एकत्र होते, तिथे आढ्यापासून चुलीपर्यंत सरळ रेघ धरून अर्धी भिंत निळी होऊ लागली. गुलजारबीला पाटीत काकणांपेक्षा निळीला जास्त जागा करावी लागली. काही घरे अर्धी निळी होऊनही फुटली. तिथे रेघ वाकडी होती असे तात्या सांगत आणि खिशातून आता कोळशाऐवजी ओळंबा काढून दाखवत. ज्या घरात एकुलता एक मुलगा होता त्या घरानेही भिंत अर्धीच रंगवली, उगाच कुणी नावे ठेवायला नकोत म्हणून.

दिवाळीच्या तोंडावर स्वयंपाकघरे पुन्हा सारवायची. धुराने निळ्यावर करडी साय धरली होती. रतनबाईने चुना भिजवला आणि नीळ कालवली. या वेळी नीळ मागायला कुणाकडे जावे लागले नाही, गेनबानेच बाजारातून आणून दिली होती, आणि भरपूर आणली होती. तो जातीने उंबऱ्यात येऊन उभा राहिला. स्वयंपाकघरात धाकट्या भावजयीसमोर थोरला दीर असा कधी उभा राहत नाही, पण भिंत आता नुसती स्वयंपाकघराची राहिली नव्हती.

कडेपासून हात मारत मारत रतनबाई चुलीच्या मागे आली. साळूबाईने सुतळी ताणून धरली होती. मडके अजून अर्ध्याहून अधिक भरलेले होते. कुंचला ओला, जड, गच्च निळा. सुतळीच्या पलीकडे काळी भिंत तशीच उभी होती, हात लांबवला तर पोचेल इतकी जवळ.

तिचा हात थांबला. कुंचल्यातून एक थेंब चुलीच्या वैलावर पडला.

"हितंच थांब गं, धाकटे," गेनबा मऊ आवाजात म्हणाला. आजवर तो तिच्याशी इतक्या आदराने बोलला नव्हता. "घराला ढका नगं."

रतनबाईने कुंचला मडक्यात टाकला. गेनबाने कड नीट पाहिली, मान हलवली आणि तो समाधानाने निघून गेला.

उरलेली नीळ ठेवून ठेवण्यासारखी नव्हती. तिने मडके मागच्या अंगणात नेऊन ओतले. निळे पाणी मातीवर पसरले, थोडा वेळ अंगणभर राहिले आणि मग खाली मुरू लागले. ते पुरते दिसेनासे होईपर्यंत दोघी जावा दारात उभ्या होत्या. आतून कोंडिबाने भाकरीसाठी हाक मारली. रतनबाई काटवटीपाशी बसली, साळूबाईने तवा चढवला.

"पुढल्या खेपंला कमी कालव, रतन," साळूबाई म्हणाली. "उगं वाया जातंय."